घरात कुणीतरी चालायला शिकत होतं

१

डॉक्टरांनी पथ्य एकच सांगितलं होतं. मान वर करायची नाही.

माझ्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला आणि त्याला आतून टेकू म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर वर जाणार, म्हणून चेहरा सतत जमिनीकडे हवा. बसताना, जेवताना, झोपतानासुद्धा. "पडदा चिकटेपर्यंत फरशी बघा," डॉक्टर म्हणाले. "वाकून जड उचलू नका, जोर लावू नका. नाहीतर हा डोळा गेला म्हणून समजा. आणि दुसऱ्याच्याही फार भरवशावर राहू नका."

मी फिजिओथेरपिस्ट. मोडलेल्या, आखडलेल्या, लुळ्या पडलेल्या माणसांना चालवणं हा माझा धंदा. दवाखान्यातलं मसाजचं टेबल नवऱ्यानं घरी आणून बाहेरच्या खोलीत, जिन्याच्या पायथ्याशी लावलं. त्याला तोंडासाठी गोल भोक असतं. दिवसभर मी त्या टेबलावर पालथी. मला दिसायचा तो फरशीचा तेवढाच गोल, राखाडी रंगाचा, मधोमध एक चीर.

घर समुद्राकाठच्या उपनगरात, भाड्याचं. वर एक झोपायची खोली, खाली बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंधारा, त्याच्यापलीकडे पाणी. गल्लीतली बरीचशी घरं सुट्टीत राहायला येणाऱ्यांची, एरवी बंद. वाऱ्यानं वाळू येते, फाटकाच्या बिजागऱ्यांत जाते, आणि फाटक कुणी चिमटा काढल्यासारखं ओरडतं.

नवरा बंदरात क्रेन चालवतो. फार वर्षांपूर्वी तो क्रेनच्या शिडीवरून पडला आणि घोटा मोडून माझ्या दवाखान्यात आला. "पाय बरा करायला आला आणि गळ्यात पडला," असं मी सगळ्यांना सांगते. तेव्हापासून तो मला मास्तरीणबाई म्हणतो. घोटा बरा झाला, पण डावं पाऊल चालताना किंचित बाहेर वळतं ते वळतंच. हजार माणसांत मी ती चाल ओळखीन.

संध्याकाळी तो कामावरून आला की कपबशी घेऊन सरळ टेबलाखाली उताणा झोपायचा, मेकॅनिक गाडीखाली शिरतो तसा. त्याचा चेहरा माझ्या गोलात यायचा.

"गाडीचा आवाज कसला येतोय बाई? तेल बदलायला झालंय."

"गाडी जुनी झाली. बदलायची असेल तर सांग."

"छे! नवीनचा मला सराव नाही."

माझी काळजी घ्यायला त्याची धाकटी बहीण चिऊ रजा टाकून आली होती. चिऊ बालवाडीत शिकवते, त्यामुळे मोठ्या माणसांशीही ती टाळ्या वाजवतच बोलते. बरे दिवस होते ते. डोळा सोडला तर.

२

दुपारची वेळ. चिऊ मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटक ओरडलं. मग दारातून पावलं आत आली.

मला वाटलं, दवाखान्यातला कुणी पेशंट विचारपूस करायला आला असणार. कारण चाल पेशंटचीच होती. आधी चवडा टेकायचा, मग बराच वेळ काही नाही, मग टाच धप्पकन. वर्षभर अंथरुणाला खिळलेली माणसं पहिल्यांदा उठतात तेव्हा अशी चालतात. आपण चालतो म्हणजे काय करतो? पुढे पडतो आणि दर खेपेला स्वतःला सावरतो. अंथरुणातनं उठलेल्याला त्या पडण्याची भीती वाटते.

"कोण आहे?" मी विचारलं. "बसा ना. मला मान वर करता येत नाही."

पावलं भिंतीला धरून, तळवा भिंतीवर घासत, जिन्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. पुढे आवाजच नाही. परत गेल्याचाही नाही.

चिऊ टोपली घेऊन आत आली.

"चिऊ, कोण आलंय बघ. जिन्यापाशी."

"कुणी नाही गं वहिनी."

"मग गेलं असेल. दार उघडं ठेवतेस तू."

"उघडं?" ती दारापर्यंत जाऊन आली. "आतून कडी आहे. मीच घातलीय, वाळू येते म्हणून."

डोळ्यात थेंब जात होते, पोटात गोळ्या जात होत्या. एक डोळा बांधला की कान नको तेवढे तिखट होतात, हे मीच पेशंटना सांगत आले आहे. शेजारच्या बंद घरात कुणी राहायला आलं असेल. जुन्या घरात आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही. अशी चार कारणं मी मांडली आणि त्यातलं एकही मला पटलं नाही.

३

पण ते रोज येऊ लागलं. दुपारी, चिऊ मागे असताना किंवा तिचा डोळा लागला असताना. भिंतीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून भिंतीपर्यंत.

आता काय सांगू? कुणी म्हणेल, तू ओरडली का नाहीस? पहिल्यांदा ओरडले. चिऊ धावत आली. कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा ती धावत आली नाही, चालत आली. तिसऱ्यांदा माझी मलाच लाज वाटली. मग मी फक्त ऐकत राहिले.

आणि धंदा अंगात मुरलेला असतो. ऐकता ऐकता मी त्या पावलांच्या चुका मोजायला लागले. वजन सगळं एका बाजूला, गुडघा वाकतच नाही, चवडा आधी. एका दुपारी ते माझ्या टेबलाजवळ अडखळलं आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, रोजचं वाक्य निघून गेलं.

"टाच आधी. टाच, मग चवडा. घाई नको."

पावलं थांबली. खोलीत नुसता समुद्राचा आवाज होता.

मग टाच टेकली. मग चवडा. पुन्हा टाच, पुन्हा चवडा. भिंतीचा आधार सोडून खोलीच्या मधोमध, एकदाही न डगमगता, ते चालत गेलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पेशंट आधार सोडून पहिल्यांदा चालतो तेव्हा होतो, तोच आनंद. क्षणभरच. मग आपण कुणाला शिकवलं ते लक्षात आलं.

त्यानंतर ते झपाट्यानं शिकत गेलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. कुणाचं तरी बघून शिकावं तसं. आणि एका दुपारी मला ऐकू आलं, की डावं पाऊल किंचित बाहेर वळतंय.

४

"तू दुपारी घरी येऊन जातोस का?" मी संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

तो टेबलाखाली होता. हसला. "साठ हात उंचावर बसलेला असतो मी. उतरायचं म्हटलं तरी मुकादमाची परवानगी लागते."

"कुणीतरी येतं. तुझ्यासारखं चालतं."

"माझ्यासारखं चालणारं या जगात दुसरं कुणी नाही. तूच म्हणतेस."

हसता हसता त्यानं कप बाजूला ठेवला. ठेवला कुठला, कलंडला. चहा माझ्या गोलातल्या चिरेतून वाहत गेला.

"काय झालं?"

"काही नाही. पायाला मुंग्या आल्यात. आज शिडी उतरताना पाय कुठल्या पायरीवर ठेवलाय तेच कळेना. वय झालं मास्तरीणबाई."

दुसऱ्या दिवशी मी ते पाय पाहिले.

चाल ऐकू आली, अगदी त्याची. दारापासून सरळ माझ्याकडे. मी डोळा मिटून घ्यायला हवा होता. पण नजर उचलायची नाही एवढंच मला सांगितलं होतं, आणि जे खाली येतं ते बघायची सवय लागली होती. गोलाच्या कडेतून आधी अंगठा आला, मग पूर्ण पाऊल. अनवाणी. पुरुषाचं. बोटांची ठेवण त्याची, नखं त्याची, घोट्याचं हाड त्याचं. दोन्ही पावलं चिरेच्या दोन बाजूंना उभी राहिली, डावं किंचित बाहेर.

"लवकर आलास?" मी म्हटलं.

ते वळलं. वळताना टाच उचलली गेली आणि तळवा दिसला.

माणसाचा तळवा मी किती पाहिला असेन! भेगा, घट्टे, कुठे बूट चावल्याची खूण. माणूस कसा जगला ते तळव्यावर दिसतं. या तळव्यावर काहीच नव्हतं. गुलाबी, गुळगुळीत, रेघसुद्धा नाही. आजवर कधीही जमिनीला न लागलेला तळवा, आणि त्याच्यावर उभा राहिलेला, पूर्ण वाढलेला पाय.

५

"आपण इथून जाऊ," मी सांगितलं. "आजच."

"वहिनी, गाडीत बसवायचं कसं तुला? मान खाली घालून?"

"बसेन मी. डिकीत घाल हवं तर."

नवरा जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याची पावलं माझ्या गोलात नव्हती, त्यानं ती पुढे केलीच नाहीत. "अगं, थोडे दिवस राहिले. तुझा डोळा महत्त्वाचा."

"माझ्या डोळ्याचं मरू दे. तुझे पाय दाखव."

"पायांना काय झालंय?"

"दाखव म्हणते ना!"

तो उठला नाही. त्याच्याऐवजी चिऊच बोलली, आणि ती गमतीनंच बोलली, बालवाडीतल्यासारखी. "दादाचे पाय म्हणजे काय सांगू वहिनी! काल मी तेल लावून देत होते, मुंग्या येतात म्हणून. काय मऊ झालेत! त्या भेगा होत्या ना, एक नाही राहिली. बाळाचे पाय वाटतात."

मग चिऊ "दूध उतू गेलं वाटतं" म्हणत आत गेली. दूध ठेवलंच नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावायला लावला. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा स्थितीत माणसाला भास होतात, प्रवास बिलकूल नको. पायांच्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या तपासणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. दोघंही शहाणी माणसं. मीही त्यांच्या जागी हेच बोलले असते.

"ऐक," नवरा खाली वाकून हळूच म्हणाला. त्याच्या तोंडाला दमल्याचा वास येत होता. "तू म्हणतेस ते खरं आहे असं धरू. मग त्याला हवंय काय?"

"चालायला."

"मग चालू दे की. चालण्यानं कुणाचं काय जातं?"

त्याला उठायला जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. वर जाताना एकेका पायरीवर तो आधी चवडा टेकत होता. मग बराच वेळ काही नाही. मग टाच, धप्पकन.

मी टेबलाच्या भोकात तोंड घालून रडले. अश्रू सरळ खाली पडतात, गालावर येत नाहीत. फरशीवर पडल्याचा आवाजही येतो.

६

त्यानंतर लवकरच तो उठेनासा झाला. वरच्या खोलीत पडून होता. कमरेखाली काही आहे की नाही तेच कळत नाही, म्हणाला. चिऊनं रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या माणसानं दुखतंय का, ताप आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर, सवड झाली की गाडी पाठवतो, म्हणाला. दुपारी चिऊ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. "गेल्या पावली येते," म्हणाली. दार लोटल्याचं मी ऐकलं.

जिन्यावर पावलं वाजली.

वरून खाली. भक्कम, सराईत, डावं पाऊल किंचित बाहेर. माझ्या नवऱ्याची चाल, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली, मी त्याला बरं करून घरी पाठवलं तेव्हाची. आणि माझं मन किती लबाड बघा, मी सुटकेचा श्वास टाकला.

"उठलास? अरे, पण धरून उतर!"

पावलं टेबलाशी आली. गोलात उभी राहिली. तळव्यांच्या कडांना आता भेगा होत्या, आणि टाचेला तो जुना घट्टाही.

मग गुडघे वाकले. एक हात फरशीवर टेकला. तो खाली बसत होता. टेबलाखाली शिरायला, उताणं व्हायला, माझ्याकडे बघायला. कापडाची सळसळ ऐकू आली. गोलाच्या कडेशी केस दिसले, काळे, डोक्याच्या मध्यावरचा भोवरा दिसला, मग कपाळाचा वरचा भाग. कपाळावर आठी नव्हती, रेघ नव्हती, काहीच नव्हतं.

आणि वरून, खोलीतून, क्षीण आवाजात नवऱ्यानं हाक मारली. "मास्तरीणबाई... कोण आलंय खाली?"

मी मान वर केली.

इतक्या दिवसांनी खोली दिसली आणि ती माझ्याभोवती गरगरली. मी टेबलावरून उतरले. माझे घोटे टेबलाखालच्या अंधाराला लागून होते, तिथून गार वारा येत होता, की श्वास येत होता. मी खाली पाहिलं नाही. जिना चढले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उजव्या डोळ्याच्या पट्टीआड, खालच्या बाजूनं, काळं पाणी चढावं तसा अंधार चढायला लागला. मला कळलं काय होतंय ते. थांबले नाही.

७

पायांत जीव नसलेल्या माणसाला जिन्यावरून कसं उतरवायचं ते मला येतं. बसवायचं, मागून काखेत हात घालायचे, एकेक पायरी घसरवत आणायचं. पेशंटसाठी दोन माणसं लागतात. मी एकटी होते. प्रत्येक पायरीला डोळ्यात कळ जायची.

"अगं, तुझा डोळा," तो म्हणत होता. "मान खाली कर. अगं, ऐक."

"गप्प बस. माझ्या छातीला टेकून राहा."

शेवटच्या पायऱ्यांवर त्याचं तोंड टेबलाच्या बाजूला आलं. त्याचं अंग माझ्या हातात ताठ झालं.

"टेबलाखाली..."

"बघू नकोस."

"अगं, पण तो..."

"बघू नकोस म्हटलं ना!"

मी त्याला ओढत दारातून बाहेर, ओसरीच्या पायरीवर आणलं. उन्हात. चिऊ फाटकातून येत होती. तिच्या हातातली पिशवी पडली, बाटली फुटली.

"वहिनी! मान! तुझी मान!"

"गाडी काढ."

"किल्ली आत आहे."

मी तिला थांबवायला हवं होतं. पण माझ्या मिठीत तो घसरत होता आणि मी त्याला आवळून धरण्यात गुंतले होते. चिऊ आत धावली. वेळ लागला. फार नाही. कपाटाचे खण उघडल्याचे आवाज आले. मग ती बाहेर आली, किल्ली हातात, घाईघाईत बोलतच आली.

"सापडतच नव्हती मेली. शेवटी दादानंच दिली हातात. सावकाश चालव, म्हणाला..."

ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या छातीला टेकून बसलेल्या तिच्या दादाकडे पाहिलं.

समोर बंधाऱ्यावर लाटा आपटत होत्या. गल्लीत कुणीही नव्हतं. चिऊचा चेहरा हळूहळू, लहान मुलाचा रडायच्या आधी होतो तसा, वाकडा झाला.

"वहिनी," ती म्हणाली, "मग यातला खरा..."

"पाय धर त्याचे," मी म्हटलं. "तू पाय धर, मी खांदे धरते. आणि आत बघू नकोस."

८

आता आम्ही समुद्रापासून लांब राहतो. तळमजल्यावर. माझा उजवा डोळा गेला, डाव्यानं काम भागतं. त्या घराचं सामान माणसं लावून काढून आणलं. मसाजचं टेबल तिथेच ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. चिऊ फोन करते, माझी चौकशी करते, बालवाडीतल्या गमती सांगते. दादाला फोन दे, असं कधी म्हणत नाही.

नवऱ्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मणका ठीक, नसा ठीक. संवेदनाही परत आली आहे, गुदगुल्या केल्या तर पाय झटकतो. "याला फक्त चालायला शिकवायला हवं," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. "घरातच गंगा वाहतेय तुमच्या!"

शेजारीपाजारीही विचारतात. जगाला चालवतेस आणि स्वतःच्या नवऱ्याला खुर्चीत बसवून ठेवतेस? मी म्हणते, वेळ यावी लागते.

तो माझाच नवरा आहे. त्याचे विनोद तेच, घोरणं तेच, चहात साखर तेवढीच. मी त्याला वरून खाली माझ्या हातांनी आणलंय. पण त्या दुपारी वर हाक मारणारा आणि खाली उतरणारा यांतला कोण आधीपासून माझा होता, हे मी नुसत्या आवाजावरून ठरवलं होतं. आणि चालण्याशिवाय मला माणूस ओळखायची दुसरी कुठलीही खात्रीची रीत येत नाही. तो उठला, पहिलं पाऊल टाकलं, की मला कळेल. त्याच क्षणी कळेल. मग उरलेला जन्म ते ठाऊक असताना काढावा लागेल.

आणि जर हा तो नसेल, तर माझा माणूस त्या घरात, चांगल्या धडधाकट पायांवर, या खोलीतून त्या खोलीत मला शोधत हिंडत असेल.

आज दुपारी तो पलंगाच्या कडेला येऊन बसला. आपला आपणच सरकत आला, मी न सांगता. पावलं फरशीवर टेकवली.

"आज तरी उभं कर ना गं," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. बसून बसून जीव चाललाय माझा."

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालीस." त्याचे डोळे भरले होते. खरेखुरे. "तुला माझी दया येत नाही का?"

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या दोन्ही मांड्यांवर हात ठेवले. त्याला वाटलं, मी उठवतेय. तो आशेनं पुढे झुकला, माझे खांदे धरले, श्वास आत घेतला. माझ्या तळहातांखाली त्याचे स्नायू ताठ झाले, चांगले, भरपूर जोर असलेले स्नायू, उठायला अगदी तयार.

मी माझं सगळं वजन टाकून त्याला खाली दाबून धरलं.